पट बेचाळीस, हजर बेचाळीस

"सगळ्यात वरची ओळ वाचा," मी म्हणालो. बाईंनी लगेच वाचली, पण ती माझ्या तक्त्यावर नव्हतीच.

"ग," त्या म्हणाल्या. "मग म, ठ." आणि मी काही बोलायच्या आत पुढचं सगळं एका दमात, दोरीच्या उड्या मारताना म्हणावं तशा सुरात, "प-र-ल, न-व-ट-क." मग स्वतःच हसल्या. "चुकलं ना? तो शाळेतला तक्ता होता. खुर्चीवर बसवलंत की आपोआप तोंडात आला."

तो तक्ता या सुरात म्हणणारी माणसं जगात दोनच होती. त्यातला एक मी.

गेली तीस वर्षं माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढे फ्रेमा, पडद्यामागे तपासणीची खुर्ची. या धंद्यात कसा आलास, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, मामांचं दुकान होतं. ते खरंही आहे. प्रायश्चित्त म्हणून कुणी चष्मे विकत नाही.

आत येताना बाईंनी नाव लिहायचा कागद नाकाशी धरला होता, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. शाळेत तिला सगळे 'हुंगी' म्हणायचे. पुस्तक वाचत नाही, हुंगते, म्हणून. ती शर्टांच्या कारखान्यात काजं करते. बारीक कामात तिचा हात कुणी धरत नाही, असं तिने बसता बसता सांगितलं होतं. मग आलात कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "शाळेत नातीचा नाच होता. मी तिसऱ्या रांगेतून जीव तोडून टाळ्या वाजवल्या, त्या भलत्याच पोरीला. माझी नात दुसऱ्या टोकाला होती. घरी येऊन रुसून बसली. लेक म्हणाली, आई, आता बास झालं."

मी तिच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवली. एक काच, दुसरी काच. "आता बरं की मघाशी बरं?" हा प्रश्न मी दिवसातून शंभर वेळा विचारतो. तिने प्रत्येक वेळी "आता बरं" म्हटलं, आणि मी मायनस पाचवर येऊन थांबलो. सहावीत असताना निदान अडीच तरी असणार, हा हिशोब डोक्यात आपसूकच झाला.

सहावीत आम्ही शेजारशेजारच्या बाकांवर बसायचो. मध्ये हातभर वाट. तिला फळा दिसत नसे, म्हणून ती माझ्या वहीतून उतरवून घ्यायची. बदल्यात ती माझे नकाशे काढायची. नद्या, डोंगर, समुद्राकाठची निळी रेघ. विज्ञानाच्या आकृत्यासुद्धा तिच्याच. मी मॉनिटर होतो, माझ्या वह्या मुख्याध्यापक पाहुण्यांना दाखवायचे, आणि मी लाजल्यासारखं करून उभा राहायचो.

एकदा नर्सबाई डोळे तपासायला येणार, असं कळलं. ज्याचे डोळे कच्चे निघतील त्याला पहिल्या बाकावर बसवणार, हेही कळलं. तक्ता कार्यालयातल्या कपाटात होता आणि किल्ली आणायचं काम मॉनिटरचं. मी अक्षरं हातावर उतरवून घेतली आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे तिच्याकडून घोकून घेतली. तिला म्हणालो, "चष्मा लागला तर जन्मभर चष्मिष म्हणून चिडवतील." बिचारी घाबरली. तीन दिवसांत तक्ता तिला उलटासुलटा पाठ झाला. नर्सबाईंनी तिच्या कार्डावर लिहिलं, 'डोळे उत्तम'.

सातवीत नवे सर आले आणि त्यांनी मॉनिटरला, म्हणजे मला, पुढे बसवलं. ती मागे राहिली, एकटी.

"तुम्ही गप्प का झालात?" बाईंनी विचारलं. "जास्त आहे का नंबर?"

"टाकीमागे पाठ केला होता तक्ता," मी म्हणालो.

ती जड फ्रेम दोन्ही हातांनी सावरत तिने मान वळवली आणि मला नीट न्याहाळलं.

"मॉनिटर?"

"हो."

"अरे, केस कुठे गेले तुझे?" आणि ती इतकी मोकळी हसली की मला पडद्यामागून पळून जावंसं वाटलं. "तू होतास म्हणून वाचले बघ तेव्हा. नाहीतर चष्मिष झाले असते. लेकीला नेहमी सांगते, एक मुलगा होता, माझी फार काळजी घ्यायचा."

मी मान डोलावून गप्प बसू शकलो असतो. सातवीत तेच केलं होतं. त्या दिवशी सरांनी तिला उभं केलं आणि म्हणाले, "फळ्याच्या कोपऱ्यात काय लिहिलंय, तेवढंच वाच." ती गप्प. सरांनी टेबलाच्या खणातून तिचं कार्ड काढलं, मोठ्याने वाचलं, 'डोळे उत्तम'. "म्हणजे दिसतंय. नाटकं आहेत सगळी." घंटा होईपर्यंत तिला उभं ठेवलं आणि वडिलांना घेऊन यायला सांगितलं. मी पहिल्या बाकावर होतो. सरांना एक वाक्य सांगायला उठावंही लागलं नसतं. पण ते सांगितलं असतं तर टाकीमागचंही सांगावं लागलं असतं. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. चांगलं टोक होतं तरी काढत बसलो.

"काळजी नव्हती ती," मी म्हणालो. "तुला चष्मा लागला असता तर तू पुढे गेली असतीस. माझे नकाशे कोण काढणार, म्हणून केलं मी. तुझी शाळा माझ्यामुळे सुटली."

पडद्यापलीकडे कुणीतरी फ्रेमा चाळत होतं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली.

"बाबा म्हणाले, डोळे धड असून वाचत नाही, म्हणजे हिचं शिक्षणात लक्षच नाही. आत्याच्या मशीनवर बसवलं," ती म्हणाली. "मलाही वाटायचं, मीच ढ. बाकीच्यांना दिसतं म्हणजे ते हुशार असणार." मग अगदी साध्या आवाजात, "नकाशे काढायला मला आवडायचं रे. मागितले असतेस तर पुढच्या बाकावरूनही काढून दिले असते."

रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला काय उत्तर द्यायचं ते मी चव्वेचाळीस वर्षं तयार ठेवलं होतं.

"एक सांगशील?" ती म्हणाली. "त्या दिवशी कोपऱ्यात काय लिहिलं होतं? काज करता करता कितीदा मनात येतं. काहीतरी अवघड असेल, असं वाटायचं."

मला आठवायला लागलं नाही. ते रोज सकाळी मीच लिहायचो. वार, तारीख, आणि त्याखाली वर्गात किती नावं आणि किती मुलं आली ते.

"पट बेचाळीस, हजर बेचाळीस."

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे मला धरून बेचाळीस."

"हो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"हजर एकेचाळीस," मी म्हणालो. "महिनाभर तेच लिहिलं. मग सरांनी पटावरूनही एक कमी करायला सांगितला."

तिने मान हलवली. मी तक्त्याचा दिवा बंद करायला हात नेला, तर ती म्हणाली, "थांब. अजून वाचून कुठे झालंय माझं?"

ती खुर्चीवरून उठली. वाचायला उठून उभं राहावं लागत नाही. मी दिव्याकडे नेलेला हात मागे घेतला. तिने साडी नीट केली, हात बाजूला सरळ सोडले, आणि ती जड फ्रेम नाकावर घेऊन, वर्गात उभं केल्यासारखी, तक्त्याची अगदी खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ एकेक करून वाचू लागली. एकही अक्षर चुकलं नाही.