बंद दाराआडची साक्ष

"म्हणजे खटला होणारच नाही?" एव्हरेट टिब्जची कात्री थांबली.

"नाही होणार," खुर्चीतले क्लाइन वकील म्हणाले. "राष्ट्राध्यक्ष पदावर आहेत तोवर आमच्या न्याय खात्याला त्यांच्यावर खटला भरता येत नाही. तपास करायचा, अहवाल लिहायचा, वर द्यायचा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत!"

तपास करणाऱ्या विशेष वकिलांच्या हाताखाली क्लाइन होते. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण माणूस भला, केस कापायचं निमित्त काढून स्वतः आले होते.

राष्ट्राध्यक्षांचे केस कापायला एव्हरेट नेहमी जायचा. एकदा ते त्याच्यासमोरच फोनवर जे बोलले, ते त्याने बंद दाराआड, खटला भरावा का हे ठरवणाऱ्या ज्युरीपुढे शपथेवर सांगितलं. साक्षीची बातमी फुटली आणि वॉशिंग्टनमधली त्याची जुनी गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. पैसे खाऊन बोलला म्हणे! उघड्या कोर्टात एकदा सगळं सांगू, मग नावावरचा डाग जाईल, या आशेवर बिचारा तग धरून होता.

"मग मी बोलायचं तरी कधी?"

"कधीही बोला की! गुप्ततेचं बंधन आमच्यावर आणि ज्युरीवर. साक्षीदारावर नसतं. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

कुणी सांगितलं नव्हतं आणि यानेही विचारलं नव्हतं. शपथ म्हणजे तोंडाला कुलूप, असं धरून बसला होता. बायकोने, ओडेसाने, एकदा जेवताना विचारलं, तेव्हा "कायदा आहे" म्हणून तिलाही गप्प केलं होतं. तिने पुन्हा विचारलं नाही, पण तेव्हापासून कामापुरतंच बोलायची.

वकील गेल्यावर दुकानाच्या कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या ओडेसाजवळ तो गेला.

"राष्ट्राध्यक्ष फोनवर म्हणाले, 'त्याला सांग, काही आठवत नाही म्हण. पोराबाळांचं मी बघतो.' बस्स, एवढंच."

"तू खोटं बोलला नाहीस हे मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "नाहीतर चर्चमध्ये त्या पेटिग्रूबाईशी काय उगाच भांडले?"

"मग रुसलीस कशाला?"

"मला वाटलं, बायकोला सांगावं इतकाही तुझा माझ्यावर विश्वास नाही."

एव्हरेटला फार वाईट वाटलं. सगळ्या गावाने पाठ फिरवली तेव्हा एवढं लागलं नव्हतं. त्याने तिच्या हातातल्या टॉवेलची दोन टोकं धरली. टॉवेल छोटासाच होता, एकटीलाही जमला असता. पण तिने तो ओढून घेतला नाही. दोघांनी मिळून त्याची घडी घातली.