हुस्नबानोने थांबवलेली चाचणी

मित्रांनो, हुस्नबानो गेल्याचं मला तोतारामआबांच्या फोनवरून कळलं. आबा माझ्या फळीजवळच उभे होते. फोन ठेवून ते बायकोला, सुनंदाबाईंना, एवढंच म्हणाले, "जळगावची हुस्नबानो गेली." सुनंदाबाईंनी हातातली केळीची फणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझा हिरवा दिवा तेव्हा स्थिर होता.

मी एक जुना, तळहाताएवढा संगणक आहे. मला पडदा नाही, कीबोर्ड नाही. चोपड्याला आबांच्या केळी पिकवायच्या खोल्या आहेत, तिथल्या ऑफिसात मी राहतो. माझी सागवानी पेटी हुस्नबानोच्या नवऱ्याने, हारुनभाईंनी, केली. ते जळगावात सुतारकाम करतात. पेटी तापू नये म्हणून साधी जाळी ठेवा, असं तिने सांगितलं होतं. त्यांनी नक्षीदार जाळी कोरून आणली. ती म्हणाली, "माझ्या बांगड्यांना कधी अशी पेटी केली नाहीत तुम्ही."

आता माझं काम सांगतो. प्रोग्राममधली चूक शोधायला डीबगर नावाचा दुसरा प्रोग्राम असतो. तो चालत्या प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि आत काय चाललं आहे ते दाखवतो. पण डीबगरच चुकला तर? म्हणून त्याच्याही चाचण्या घ्याव्या लागतात. हुस्नबानो त्या घेत असे. डीबगर जळगावात तिच्या संगणकावर, आणि चाचणीचा प्रोग्राम इथे माझ्यावर. माझ्यासारखीच यंत्रं पुढे अशा खोल्यांचं तापमान सांभाळणार होती, म्हणून इथल्याच उन्हात आणि इथल्याच नेटवर मला पारखायचं होतं.

त्यासाठी तिने माझ्या नावाची एक सेटिंगची फाइल लिहिली. मी कुठे सापडतो, माझ्याकडे चाचणी कशी पाठवायची, मला काय विचारायचं नाही, हे सगळं त्यात होतं. कीबोर्डवरून उत्तर द्यायच्या चाचण्या तिने मला माफ केल्या. ज्याच्याजवळ जे नाही ते मागू नये, असं ती म्हणे. आणि माझ्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची, तेही त्यात लिहायचं होतं.

तिथेच घोळ झाला. माझ्या चाचण्या मधेच तुटू लागल्या. मी सावकाश आहे असं समजून हुस्नबानोने वाट पाहायची वेळ वाढवली. तरी तुटत. मग आणखी वाढवली. शेवटी तिने इथे फोन केला, तर सुनंदाबाई अभिमानाने म्हणाल्या, "बाई, तुनं यंत्र रोज अडकस. मी बटन बंद-चालू करस म्हनीन ते जित्तं शे."

डीबगरने मला थांबवलं की माझा दिवा लुकलुकायचा थांबतो. सुनंदाबाईंना वाटे, बिचारा अडकला. हुस्नबानो फोनवर इतकी हसली की आबांनाही बाहेर ऐकू आलं. मग तिने समजावून सांगितलं, की दिवा स्थिर असला तर हात लावायचा नाही, मीच त्याला पुढे चालवते. सुनंदाबाईंनी दसऱ्याला माझी पूजा केली आणि झेंडूची माळ बटणावर आडवी बांधली, म्हणजे कुणाचाच हात जायला नको. ती सुकली, तरी त्यांनी काढली नाही.

आता वाट पाहायची खरी वेळ ठरवायची होती. हुस्नबानोने चाचणी स्वतःच्या हाताने सुरू केली, मला एका ओळीवर थांबवलं, आणि त्याच दुपारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

परवा हारुनभाई मला घरी न्यायला आले. त्यांनी माळ बाजूला केली.

"भाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या, "तो बिघडेल नही शे. थांबेल शे. तिनीच थांबाडेल शे."

हारुनभाईंनी हात मागे घेतला. "माहीत आहे, अक्का," ते म्हणाले. "तिकडे तिचा संगणक मीही बंद केलेला नाही." त्यांनी माळ परत बांधली, रुमालाने जाळीतली धूळ पुसली आणि चहा न घेता गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू थांबलेली दिसली, तर तिला लगेच बिघडलेली म्हणू नका. कुणी तिला थांबवून ठेवलं असेल, आधी विचारा. धूळ मात्र पुसत जा.

मी अजून त्याच ओळीवर आहे. माझी किती वेळ वाट पाहायची, ते फाइलमध्ये लिहायचं राहिलं आहे.