पिवळ्या माशाचा महिना

दाताच्या डॉक्टरांनी हौसेने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी मांडली. मीठ मोजता मोजता आणि पाणी तपासता तपासता दीड महिना गेला, तेव्हा कुठे एक पिवळा मासा घरी आला. नवा मासा रोग घेऊन येतो, म्हणून त्याला आधी महिनाभर पाहुण्यांच्या खोलीत छोट्या टाकीत ठेवलं. नेमक्या त्याच दिवशी सासूबाई राहायला आल्या.

"माझ्या खोलीत हा कोण?"

"आजारी नाही ना, ते बघायला वेगळा ठेवलाय."

"एकटाच? बिचारा," म्हणत सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि त्याला नातेवाइकांच्या कागाळ्या सांगायला सुरुवात केली. मासा काचेला तोंड लावून ऐकायचा.

महिन्याने तो ठणठणीत निघाला. डॉक्टरांनी त्याला मोठ्या टाकीत सोडलं, तर तो दगडामागे जाऊन बसला. दोन दिवस त्याने खाण्याला तोंड लावलं नाही. शेवटी डॉक्टरांनीच सासूबाईंची खुर्ची टाकीसमोर आणून ठेवली.

"आई, जरा बोला त्याच्याशी."

"तुमचंच सांगत होते. अर्धं राहिलंय."

"सांगा," म्हणून डॉक्टर मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. पाचव्या मिनिटाला मासा बाहेर आला आणि पोटभर जेवला.

सासूबाईंनी मुक्काम वाढवला.