उज्वलाचा कटला

भाऊबिजेनंतरचा पहिला रविवार गांगुर्ड्यांच्या घरात कुणी ठरवावा लागत नसे. त्या दिवशी सगळ्यांनी वाघाड धरणावर मासे धरायला जायचं, ही आबांनी पाडलेली चाल होती. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. उभी हयात त्यांनी धरणाच्या आणि कालव्याच्या काठानं काढली, आणि पोरांना पोहायच्या आधी गळ टाकायला शिकवलं. थोरला वाल्मीक आणि त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी उज्वला, दोघांनाही. मुलगी म्हणून उज्वलाला वेगळी वागणूक नव्हती. तिच्या हातात पहिली काठी दिली तेव्हा ती पाच वर्षांची होती.

पुढं वाल्मीकनं वणीला ठिबकच्या नळ्या आणि पंपांचं दुकान टाकलं. उज्वला नर्स झाली, नाशिकच्या एका दवाखान्यात लागली, शेखरशी लग्न करून तिकडेच राहिली. पण भाऊबिजेला ती नवऱ्याला आणि लेकीला घेऊन यायची ती रविवार उरकूनच परत जायची.

स्पर्धा होती ती बहीणभावांचीच. ज्याचा सगळ्यात मोठा मासा, त्याला कप. हा कप आबांनी नाशिकहून आणला होता. कुठल्याशा शाळेनं ऑर्डर देऊन नेलाच नाही, म्हणून दुकानदारानं काढून टाकलेला. त्यावर कोरलं होतं, ‘वक्तृत्व स्पर्धा – द्वितीय क्रमांक’. आबा म्हणाले, माशांना वाचता येत नाही. तेव्हापासून घरात कपाला ‘वक्तृत्व’ हेच नाव पडलं. जिंकणाऱ्यानं वर्षभर वक्तृत्व आपल्या टीव्हीवर ठेवायचं आणि हरणाऱ्यानं सगळे मासे साफ करून द्यायचे. दुपारी चार वाजता आबा बाभळीला ताणकाटा टांगायचे आणि वजन मोठ्यानं सांगायचे. आबांच्या तोंडून वजन आलं की त्यावर बोलणं नाही.

२०१७ साली वक्तृत्व सलग चार वर्षं नाशिकला होतं.

त्या वर्षी वाल्मीकचं आणखीही एक दुखणं होतं. पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि तो अकरा मतांनी पडला. निकालाच्या दिवशी गुलाल दुसऱ्याच्या दारात उधळला गेला. अकरा मतं म्हणजे एका भाऊबंदाचं घर. कोणाचं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. वाल्मीक महिनाभर पारावर गेला नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मोजकंच बोलायचा. दिवाळीत उज्वला आली तेव्हा त्याची बायको मंगल तिला स्वयंपाकघरात म्हणाली, “ताई, हे हसायचंच विसरले हो.”

त्या रविवारी वाल्मीक सगळ्यांच्या आधी धरणावर पोचला. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून आणली होती, तीन काठ्या लावल्या आणि त्यांच्यापासून हलला नाही. मंगलनं जेवायला हाक मारली तर म्हणाला, “इथंच आण.” दगडावर बसून, पाण्याकडं बघत त्यानं भाकरी खाल्ली.

उज्वला पलीकडच्या वळणाला बसायची. मधे पाण्याचा एक फाटा. दुपारी बाराच्या सुमारास वाल्मीकला तिकडं कुंदनची होडी लागलेली दिसली. कुंदन तिथलाच मासेमार, आबांच्या ओळखीचा. त्यानं पाण्यातून जाळीची पिशवी वर काढली. आत मोठा मासा तडफडत होता. उज्वला वाकून बघत होती, मान हलवत होती. मग तिनं वाल्मीकच्या दिशेनं पाहिलं आणि कुंदनला काहीतरी सांगितलं. कुंदननं पिशवी पुन्हा पाण्यात सोडली.

वाल्मीकनं ते मनात ठेवलं.

साडेतीनपर्यंत त्याला अडीच किलोचा रोहू लागला होता. गेल्या चार वर्षांत एवढा मोठा त्याला मिळाला नव्हता. तो पहिल्यांदा मंगलकडं बघून हसला. चारला दहा मिनिटं कमी असताना वळणावरून ओरडा ऐकू आला. उज्वला येत होती, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला कटला. अकरा वर्षांची निकिता पुढं पळत ओरडत होती, “आईला केवढा लागला बघा! आबा, बघा!”

आबांनी काटा लावला. “साडेचार,” ते म्हणाले, आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “साडेचार किलो! माझ्या हाताला कधी लागला नाही एवढा.”

“लागला कुठं? विकत घेतलाय,” वाल्मीक म्हणाला.

आधी कोणाला कळलंच नाही. शेखर हसले, चेष्टा समजून.

“हसू नका, दाजी. बारा वाजता मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुंदननं पिशवीतून दाखवला हिला. हाच मासा. हे बघा पराला खरचटलंय, जाळीचं हाय ते.” त्यानं कल्ल्यात बोट घालून मासा वर धरला. “चार वर्षं असंच चाललं असंल. मी येडा, दरसाल गळ धरून बसतो.”

“दादा, तू काय बोलतोयस?” उज्वला म्हणाली.

“मग सांग ना. कुंदननं तुला मासा दाखवला का नाय दाखवला?”

 तिनं आबांकडं पाहिलं, मग वाल्मीककडं.

“दाखवला,” ती म्हणाली.

“झालं तर!”

“वाल्मीक,” आबा म्हणाले, “उज्वला खोटं वागायची नाही. गप बस.”

“तुम्ही कायम तिचीच बाजू घेता. गावानं पाडलं, आता घरात पाडा.”

निकिता रडायला लागली होती. “मामा, आईनं चोरी केली का?” तिनं विचारलं, आणि वाल्मीकनं तिला नाही म्हणून सांगितलं नाही. शेखरनी तिचा हात धरला, सामान उचललं. उज्वला खाली वाकून पाण्यात हात धुवत राहिली. तो कटला बाभळीखाली पडून होता. तो कोणीच नेला नाही.

वर्षभरानं उज्वला भाऊबिजेला आली. एकटीच. ओवाळलं, चहा घेतला, अर्ध्या तासात निघाली. कप तिनं मंगलकडं दिला होता, पिशवीत गुंडाळून. वाल्मीकनं तो उघडला नाही, माळ्यावर टाकला. रविवारी धरणावर कोणी गेलं नाही. आबांनी सकाळी आंघोळ करून टोपी घातली आणि ओट्यावर बसून राहिले. दहाच्या सुमाराला मंगलला म्हणाले, “आज नाही का जायचं?”

“नाही, आबा.”

“बरं.”

त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी त्यांनी हेच विचारलं. वाल्मीकला वाटायचं, उज्वलानं एक शब्द बोलावा, चुकले म्हणावं, मग आपण लगेच सोडून देऊ. २०१९च्या डिसेंबरात आबा गेले. दहाव्याला उज्वला आणि वाल्मीक शेजारी उभे होते. कावळा लवकर शिवेना. लोक म्हणायला लागले, काहीतरी राहिलंय म्हाताऱ्याचं, कबूल करा. वाल्मीकनं आपल्या पोराच्या लग्नाचं कबूल केलं, द्राक्षाच्या बागेचं कबूल केलं. उज्वला काही बोलली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला.

त्यानंतर पाचेक वर्षं गेली. गेल्या सप्टेंबरात धरणाच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याचा पंप बसवायला वाल्मीक स्वतः गेला होता. काम आटोपून चहाच्या टपरीवर थांबला, तर कुंदन दिसला. केस पांढरे झालेले, पण आवाज तोच.

“वाल्मीकभाऊ! लय दिवसांनी. ताई येत नाय का आता?”

“नाय येत.”

“लय भारी बाई. तुमच्यावर लय जीव.” कुंदननं बशीत चहा ओतला. “तुम्ही इलेक्शनला पडले होते ना, त्या साली सकाळी सकाळीच आल्या माझ्याकडं. म्हन्ल्या, कुंदनभाऊ, तीन किलोचा जिता मासा पिशवीत राखून ठिवा. दादा जेवायला उठला का त्याच्या गळाला लावून द्या. म्हन्ल्या, यंदा दादाला जिंकू द्या, त्याचं मन लय खाली गेलंय.”

वाल्मीकच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

“पन तुम्ही उठलेच नाय. तिथंच बसून जेवले. मी होडीतून बघतोय, आता उठतील, मग उठतील. शेवटी ताईंनी लांबून हात केला, सोडून द्या म्हनून. दिला सोडून. त्यानंतर त्यांनाच लागला ना मोठा? होडी जवळच व्हती माझी. खडकाआड उतरून वीस मिनिटं खेळवला त्यांनी. खडकाला घासत घासत आला वर.”

“तू तेव्हा का नाय बोलला?”

“मला कुठं माहीत काय झालं ते? मी लगेच दुसऱ्या अंगाला गेलो व्हतो जाळी काढायला. का? काय झालं व्हतं?”

वाल्मीक ग्लास ठेवून उठला. गाडीत बसला आणि वणीकडं न वळता दिंडोरीवरून सरळ नाशिकला गेला.

उज्वला नुकतीच ड्यूटीवरून आली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. दारात त्याला बघून ती घाबरली. “वहिनी बऱ्या आहेत ना?”

“कुंदन भेटला,” वाल्मीक म्हणाला.

 ती आत वळली. “बस. पाणी आणते.”

“पाणी नको. उजे, तू बोलली का नाय? सगळ्यांसमोर मी तुला चोर म्हणलो, आणि तू उभी राहिली नुसती.”

“काय सांगायचं होतं? की माझा भाऊ हरतो म्हणून मी त्याच्या गळाला मासा लावणार होते? सगळ्यांसमोर? निवडणुकीनंतर तुला तेवढंच ऐकायचं बाकी होतं.”

“नंतर सांगायचं.”

“नंतर मला राग आला, दादा.” ती समोर बसली. “पहिलं वर्षभर वाटायचं, तुला सांगितलं पाहिजे. मग वाटलं, का सांगायचं मी? इतक्या वर्षांत याला एवढंही कळू नये, मी कशी आहे? सांगितल्यावर विश्वास ठेवशील, त्याचा मला काय उपयोग? असं करत करत आबा गेले.”

वाल्मीक खाली बघत होता.

“माझंही चुकलं,” ती म्हणाली. “कोणाला बोलले नाही आजवर. मी ठरवलं होतं ना तुला जिंकवायचं? मग तो कटला मी पाण्यातच सोडून द्यायला पाहिजे होता. हातात होता माझ्या, कुंदन सोडला तर कोणी बघत नव्हतं. निकितासुद्धा नंतर पळत आली. पण एवढा मोठा मासा मला जन्मात लागला नव्हता. वाटलं, आबांना एकदा दाखवू. तेवढ्यासाठी मी तुझं विसरले.”

“तुझं काही चुकलं नाय.”

“चुकलं थोडं. तुझं जास्त चुकलं.”

 मग तिनं पोहे केले, त्यानं खाल्ले. निघताना तो म्हणाला, “भाऊबिजेला सगळे या. दाजींना मी स्वतः फोन करतो.”

त्यानं फोन केला. शेखर फार बोलले नाहीत, पण आले. सात वर्षांनी. निकिताही आली, ती आता कॉलेजला होती. मंगलनं पाट मांडला, रांगोळी काढली. वाल्मीक पाटावर बसला नाही. उभा राहून म्हणाला, “सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो.” आणि कुंदननं सांगितलेलं सगळं त्यानं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.  “उज्वलानं त्या दिवशी काही खोटं केलं नव्हतं. मी केलं,” असं म्हणून त्यानं संपवलं.

मंगल पदरानं डोळे पुसत होती. निकिता आईकडं बघत होती.

“तू मला पण नाही सांगितलंस,” ती म्हणाली. “मी किती वर्षं विचारत होते तुला. मला वाटायचं मामाच खरं बोलला, म्हणून तू गप्प आहेस.”

उज्वलाचा चेहरा क्षणात उतरला. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. मग ताट उचललं. “बस, दादा. तेल संपेल निरांजनातलं.”

तो बसला. तिनं ओवाळलं.

त्या दिवशी सगळे जेवून निघाले. मंगलनं रविवारपर्यंत राहायचा आग्रह केला, पण उज्वलाला ड्यूटी होती. वाल्मीक गाडीपर्यंत गेला. बायका मागं बोलत होत्या. शेखरनी दार उघडलं आणि तसेच थांबले.

“दादा, एक सांगू?” ते म्हणाले. “त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आबा आमच्या मागं गाडीपर्यंत चालत आले होते. त्या चढावरून. आणि त्यांनी मला हात जोडले. पोराला माफ करा म्हणाले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी काच वर केली आणि निघालो. पुन्हा कधी त्यांच्याशी धड बोललो नाही. तुमच्यावरचा राग मी त्यांच्यावर काढला.”

वाल्मीकला हे माहीत नव्हतं.

“ते हात मी जोडायला पाहिजे होते,” तो म्हणाला.

“हो,” शेखर म्हणाले. मागून उज्वला आणि निकिता आल्या, गाडीत बसल्या. शेखरनी गाडी सुरू केली, आणि वळणावर जाईपर्यंत वाल्मीक रस्त्यातच उभा होता.