तीन वाटांवरचा नारळ

हरणाबाईने नारळ तापाने फणफणलेल्या नातवाच्या, गुंडाच्या अंगावरून तीनदा उतरवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि गावाबाहेर तीन वाटा मिळतात तिथे भातासकट नेऊन ठेवला. उतारा ठेवून परतताना मागे बघायचं नसतं, कुणाशी बोलायचंही नसतं. नातवाचा ताप आता तिथेच राहणार होता, नाहीतर जो कोणी त्या नारळाला हात लावील त्याच्या मानगुटीवर बसणार होता. गावातलं शेंबडं पोरही त्याच्या वाऱ्याला उभं राहिलं नसतं.

सकाळी तो नारळ गोऱ्या बाईने उचलला.

त्या वाटांच्या तोंडाशीच धर्मशाळेच्या खोलीत ती राहत होती. नाव इंगर. मिरजेला नर्सचं शिक्षण संपवून, थोडी मराठी शिकून, बिनपगारी सेवा करायला म्हणून महिन्यापूर्वी ती येरळेकाठच्या या गावात आली होती. आपण इंग्रज नाही, डेन्मार्कच्या आहोत, असं ती ज्याला त्याला सांगे. गोऱ्यांत आणि कसल्या जाती, असं म्हणून बायका पाठ फिरवत. विहिरीवर तिच्या कळशीत पाणी ओतायलाही कुणी पुढे होत नसे. बेचाळीस साली एक गोरा साहेब पोलीस घेऊन आला होता. त्याच्यादेखत हरणाबाईच्या सयाजीला, गुंडाच्या बापाला, चावडीपुढे फोडून काढलं आणि साताऱ्याच्या तुरुंगात नेलं. इंगर गुंडाचा ताप बघायला आली, तेव्हा हरणाबाईने तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

आता ती नारळ पोटाशी धरून पाणवठ्यावरच्या प्रत्येकीकडे बघून हसत होती. मिरजेत तिला सांगितलं होतं, गाव आधी बोलणार नाही. एक दिवस कुणीतरी मुकाट्याने काहीतरी आणून ठेवील, तेव्हा समजावं आपण रुजलो.

हरणाबाई एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. पण परस्पर काटा निघत असेल तर तो कुणाला नको होता? शेजारच्या सुलाबाईने तर, फोडून खा, खोबरं गोड असेल, असा सल्लाही दिला.

गुंडाचा ताप उतरला. दोन-चार दिवसांनी बाईची खोली उघडलीच नाही. गावाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हरणाबाईलाही आधी बरंच वाटलं. मग गुंडाने भाकरी मागितली आणि तिचा हात पिठातच थांबला. बाईला लागलेला ताप तिच्याच घरातून गेला होता.

ती धर्मशाळेत गेली, दार ढकललं. इंगर घोंगड्याखाली कुडकुडत होती. डोळे उघडून तिने पुस्तकी मराठीत विचारलं,

"आजी, तुमचा नातू कसा आहे?"

"बरा हाय."

"फळीवर अर्धा नारळ आहे. तो मी त्याच्यासाठी ठेवला आहे."

हरणाबाईने ती खोबऱ्याची वाटी पदराखाली घेतली. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"बाई, वाटंवरचा नारळ उचलायचा नस्तो."

"का?"

"सांगते. आदी बरी हो."

तिन्हीसांजेला हरणाबाईने घरातला नवा नारळ इंगरच्या अंगावरून उतरवला आणि त्याच वाटांवर नेऊन ठेवला. परतताना सुलाबाईने तिला दारातूनच हटकलं.

"गुंडा बरा झाला न्हवं? मग ह्यो कुनावरनं उतरलास?"

हरणाबाई मान खाली घालून चालत राहिली. उतारा ठेवून परतताना बोलायचं नसतं, तेवढं एक बरं होतं.