नाकातल्या नव्या पेशी

भट्टीतून काढलेले साठ पाव मी एका झटक्यात कचऱ्यात ओतले. "शी! गटारासारखे घाण मारताहेत!"

मोठ्या जाऊबाई धावत आल्या, एक पाव हुंगला आणि कपाळाला हात लावला. "अगं, चांगले आहेत की! डोकं फिरलं का तुझं?"

तापानंतर सात महिने माझं नाक ठार बंद होतं. बेकरीत पाव भाजला की नाही हे घड्याळ नाही, नाक सांगतं. माझ्या हातून भट्टी जाणार, या धास्तीने मला जेवण गोड लागत नव्हतं. तेव्हापासून जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या राहून हळूच "काढ आता" म्हणायच्या, गिऱ्हाइकांना पत्ताही लागू न देता. एरवी आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य!

मी तणतणत डॉक्टरीणबाईंकडे गेले. "आधी वास नव्हता, आता सगळ्याला घाण वास. हे काय नवीन खूळ?"

त्या चक्क हसल्या. "अहो, ही चांगली बातमी आहे! नाकात अगदी वर मूळपेशी असतात. वास घेणाऱ्या जुन्या चेतापेशी मेल्या, की आजूबाजूच्या पेशी या मूळपेशींना रासायनिक निरोप धाडतात, उठा, कामाला लागा. मग नव्या चेतापेशी तयार होतात आणि मेंदूकडे धागे सोडतात. काही धागे आधी चुकीच्या घरी जातात, म्हणून पावाला गटाराचा वास. रोज लिंबू, लवंग हुंगत राहा. ठीक कधी होईल, ते मात्र सांगता येणार नाही."

मला भरून आलं. मी मेली सात महिने नशिबाला बोल लावत बसले होते, आणि या इवल्याशा पेशी बिनबोभाट राबत होत्या. मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले.

मग रोज सकाळी जाऊबाई लिंबू कापून माझ्या नाकाशी धरू लागल्या. दोन महिने गेले. एका दुपारी पिठाचे गोळे करता करता मी ताडकन उठले.

"ताई, पाव जळताहेत!"

भट्टी उघडली तर नुसता कोळसा. आणि जाऊबाई तिथेच, भट्टीपासून हातभर अंतरावर उभ्या.

"तुम्हाला वास नाही आला?"

"केव्हाच आला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तुला येतो का, ते बघत होते."

मी त्यांच्या गळ्यातच पडले. "ताई, तुमचे उपकार कसे..."

"पुरे गं. उद्यापासून तुझी भट्टी तू बघ."