पांढऱ्या माणसांनी उचललेला निलेश

मोहोपाड्याजवळच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्याच गावचा निलेश पडद्यावर परग्रहाहून परत आल्याचं सांगतोय म्हटल्यावर घरी कोण बसणार?

"विश्वाची द्वारं उघडली आहेत! निवडक देहांनाच पाचारण होतं!" सिनेमा काढणारे ब्रह्मांडसंशोधक सदानंद माईकवर गरजत होते. पाचारण कोण करतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

निलेशची बायको हर्षला मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला संताप येत होता आणि रडूही. कारखान्यात वायुगळती झाली, तेव्हा निलेश बेशुद्ध पडला होता. शुद्धीवर आला तो दवाखान्यात. मधलं काहीच आठवेना. मग सदानंदांनी त्याला संमोहित करून ते 'आठवून' दिलं. तेव्हापासून त्याने कामावर जाणं सोडलं, आणि "ते पोरीलापन नेतील" म्हणत लेक रियाला शाळेतही जाऊ देईना.

पडद्यावर निलेश डोळे मिटून बसला होता आणि सदानंद विचारत होते, "ते पांढरे होते ना? डोळे मोठे, गोल? तोंड नव्हतंच?"

"हो… हो."

"थांबवा!" हर्षला ओरडली. "सगळं तर तुमीच सांगताय! ह्यांनी नुसतं हो म्हटलंय."

"ताई, श्रद्धाहीनांना हे दिसत नसतं."

"मग आता सगळ्यांनाच दिसू द्या." तिने दाराकडे हात केला.

डोक्यापासून पायापर्यंत बंद पांढरा पोशाख आणि गोल काचांचा मुखवटा घातलेलं कोणीतरी आत आलं. बायका किंचाळल्या. पहिल्या रांगेत बसलेला निलेश खुर्चीमागे दडला.

आलेल्याने मुखवटा काढला. तो निलेशच्याच खात्यातला श्रीपत होता.

"घाबरू नको रं. गॅस सुटला तवा ह्याच कपड्यात तुला मीच उचलला. टेबलावर निजवला, वर दिवा व्हता. तुजे डोळे अर्धे उघडे व्हते."

समाजमंदिरात हशा पिकला. सदानंदांनी प्रोजेक्टर कसाबसा काखेत मारला आणि गाडी गाठली.

हर्षला निलेशजवळ गेली. त्याने श्रीपतच्या गालावरून भीतभीत बोट फिरवलं.

"हर्षला," तो कुजबुजला, "त्यांनी श्रीपतचा चेहरापन घेतला गं."

लबाडी चव्हाट्यावर आली होती, पण नवऱ्याच्या डोक्यातून ती काढायची कशी, हे तिला कळेना.

तेव्हा बाबांनो, आठवण हरवलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवू नका, डॉक्टरकडे न्या. आणि प्रश्न विचारणाराच उत्तर पुरवायला लागला, की त्याला तिथल्या तिथे थांबवा. हर्षला ओरडली, पण उशिरा. तुम्ही तरी वेळेवर ओरडा.